वृद्धापकाळ

कळस, रविवार संध्याकाळ

माझी लेक सई बारामतीहून कॉलेजचा प्रकल्प घेऊन आलीय. कोरोनात कुठल्या देशात दर दहा लाखांमागं किती माणसं गेली, त्याचा तक्ता. आईला कौतुकानं दाखवत होती. "बघ आजी, इटलीची रेष कुठं आणि आपली कुठं! किती खाली हाय."

आईनं चष्मा पुसला. "ह्यात तुजं आबा कुठं हायत?"

"आबा ह्यात नाहीत गं. ते वृद्धापकाळानं गेले. दाखल्यावर तसंच हाय की."

आईनं माझ्याकडं बघितलं. तिला सगळं ठाऊक आहे, मग आजच का विचारलं?

वृद्धापकाळ! आबा एकसष्टचे होते. आठ दिवस आधी उसाला पाणी देत होते. मग ताप, मग दम. इंदापूर झालं, बारामती झाली, कुठल्याच दवाखान्यात खाट मिळाली नाही. तपासणी झालीच नाही, घरीच गेले. मी गावात वय झालं म्हणून सांगितलं, नोंदीतही तोच शब्द दिला. कोरोना म्हटलं असतं तर खांद्याला कोण आलं असतं? चौघं आले. वाटलं, बापाचं शेवटचं तरी नीट झालं.

त्या चौघांतले शेजारचे सखातात्या पंधरवड्यात गेले. तसाच ताप, तसाच दम. त्यांचा मुलगा कागद घेऊन माझ्याकडंच आला, मी मास्तर म्हणून. "कारण काय लिहू?"

मी पेन घेतलं आणि माझ्या हातानं लिहिलं. तोच शब्द.

सईनं तक्ता तपासायला दिलाय. दोनदा बघितला. तिची काही चूक नाही.