केराच्या बालदीतल्या गोळ्या

भवानीपूर, कलकत्ता
सोमवार, १६ जुलै १९७३

चि. सौ. सरलास,

अनेक आशीर्वाद. तुझे गुडघे बरे असतील. माझी तब्येत उत्तम आहे, राग धरून.

रविवार, ८ एप्रिल, सकाळी साडेदहा. गार्डन रीचच्या तुमच्या क्वार्टरमध्ये तू लीनाच्या कपाटातली गोळ्यांची बाटली केराच्या बालदीत रिकामी केलीस, आणि शेजारच्या बंगाली वहिनी, मित्रबौदी, यांच्यासमोर सुनेला विचारलंस, "मला नातवंड होऊ नये म्हणून हे गिळतेस होय गं?"

पोरगी त्याच दुपारी माझ्याकडे आली ती अजून इथेच आहे.

सरला, भिंतीवरचा कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण पाहून तुला एवढंच कळलं की गोळी म्हणजे मूल न होण्याची. मूल होण्याचीही असते! मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते. तिच्या हुकमाने बाईच्या पोटात दर महिन्याला बीज पिकतं. लीनाची ग्रंथी जरा आळशी. तिला जागं करायलाच त्या गोळ्या होत्या, आणि त्या महिन्यातल्या ठरलेल्या दिवसांतच घ्यायच्या. ते दिवस तू बालदीत घातलेस.

"मग बोलली का नाही?" म्हणशील. तुझ्या लेकाने तोंडाला कुलूप लावलं होतं. आपण डॉक्टरकडे जातो हे लोकांना कळलं तर काय म्हणतील! डॉक्टरीणबाईंनी आधी त्यालाच तपासून घेतलं, बरं का. त्या दिवशी श्रीकांत इतका शरमला की ट्राममधून उतरायचंच विसरला. तो निर्दोष निघाला, म्हणून तू छाती फुगवू नकोस.

मी आयुष्यभर मुलींना बेडूक कापायला शिकवलं. "कॉन्व्हेंटची मडम" म्हणून तू मला हसतेस, हस. पण पुढच्या खेपेला गोळ्या मी माझ्या हाताने दिल्या. आता माझ्या घरी दुपारी कुणीतरी गुणगुणतं. संध्याकाळी श्रीकांत येतो, दोघं गॅलरीत भांडतात, मग हसतात. मला फार बरं वाटतं.

हो, तिला दिवस गेलेत. तपासणीचा निकाल परवाच आला. श्रीकांतला मीच गप्प बसवलं होतं. तुला ही बातमी माझ्याकडून, आणि टोचून, मिळावी म्हणून.

एवढ्यावर पत्र संपवणार होते. पण लीना सकाळपासून काही खात नाही. मी केलेली कढी पुढे सारली, तर म्हणाली, "आत्याबाई, रागावू नका हं. आईंच्या हातचं चिंचेचं सार मिळालं तर पोटात राहील." त्या बालदीनंतरही! पोस्टमन आला की रोज विचारते, "आईंचं काही?" मी "नाही" म्हणते, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. आता वाटतं.

तर ऐक. चूक झाली असं स्वतःच्या अक्षरात, मला नव्हे, लीनाला लिही. मित्रबौदींनाही तोंडाने सांग. पत्र शनिवार, २१ तारखेला संध्याकाळी पाचच्या आत माझ्या दारी हवं. श्रीकांतकरवी निरोप चालणार नाही.

उत्तर आलं की तिची बॅग मी भरीन. भराभर भरीन असं वचन मात्र देत नाही.

तुझी नणंद,
सुचित्रा