श्वासकपारीवरची भट्टी

मी, नोहेला तामुरे, वय वर्षे बहात्तर, धंदा पाव भाजणे, राहणार खालची आळी, कालेमू बेट. माझं डोकं ठिकाणावर आहे. कोणाच्या धाकानं वा भिडेनं नव्हे, आपखुशीनं हे लिहून ठेवते.

एक. राहतं घर आणि मागची नीरफणसाची तीन झाडं पुतणी वासीना हिला. फणसांवर शेजारच्या ओपातूचा काडीचाही हक्क नाही. तो आहे म्हणून सांगेल, ऐकू नये.

दोन. श्वासकपारीवरच्या भट्टीपायी माझा थोरला भाऊ इरातू एकतीस वर्षं माझ्याशी बोलला नाही, म्हणून खरं काय ते नोंदवते. दर्यापारच्यांनी बेट जिंकलं आणि आमची देवस्थानं सुरुंगानं उडवत ते कपारीपाशी आले. तिथं डोंगरातून निघणाऱ्या वाफेवर वाकून आम्ही आपल्या मृतांची नावं घेतो. मी कप्तानाला म्हटलं, "साहेब, फुकटची आच कशाला घालवता? इथं भट्टी बांधा, पलटणीला पाव मी भाजून देते." सुरुंग मागे गेले.

इरातू कपारीचा पुजारी. भर बाजारात ओरडला, "डोंगराईच्या तोंडात शत्रूचा पाव कोंबलास! तुझा-माझा संबंध संपला."

मी त्याला खरं न सांगता पाव भाजत राहिले. रोज पहाटे आमच्या बायका 'पाव झाला का बघते' म्हणत भट्टीत वाकायच्या आणि हळूच नाव घ्यायच्या. मागे शिपाई रांगेत जांभया देत उभे. इतक्या वर्षांत एकाही मृताचं नाव घ्यायचं राहिलं नाही.

तीन. यंदा पलटण गेली, कपार आम्हाला परत मिळाली. पंच म्हणतात, भट्टी फोडून कुंपण घालू. भट्टी माझ्या मालकीची आहे आणि ती फोडायची नाही. ती व पाव काढायचं लांब फावडं वासीनाला. तिनं भाजत राहावं, येईल त्याला वाकू द्यावं.

चार. वरचा मजकूर काल पंचांपुढे वाचला, तेव्हा इरातू दारात उभा होता.

"मला का नाही सांगितलंस?"

"दादा, तुझ्या पोटात कधी काही राहिलंय का?"

तो हसला नाही. पण बसला. अर्धा पाव खाऊन म्हणाला, "मीठ जास्त झालंय."

पाच. माझं नाव कपारीत इरातूनंच घ्यावं, दुसऱ्या कोणी नाही. वाकताना त्याचे गुडघे दुखतील. दुखू देत.

सही: नोहेला तामुरे
साक्षीदार: रेमासी, सुईण (अंगठा), तोवेल, नावाडी (सही)
स्थळ: खालची आळी, कालेमू
दिनांक: डोंगर निजल्याचं एकशेचौथं वर्ष, कंदकाढणीचा सहावा दिवस