दोघांपुरता हीटर

ती. आईंना,

नॉटिंगहॅमहून वरदाचा नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते, हॉस्पिटलची ड्युटीही सुरू झाली. तुमचे गुडघे कसे आहेत?

अंबरीश गेल्यापासून त्याचं गॅरेज बंदच होतं. रविवारी उघडलं. तुमच्यासाठी तो बनवत होता ती उंच खुर्ची तयार आहे, फक्त पॉलिश राहिलं होतं. ते मी लावलं, पण थंडीत वाळेचना, म्हणून हीटर आणायला गेले.

दुकानदार भला माणूस. म्हणाला, "फॅनचा नको, धूळ उडून पॉलिशवर बसेल. हा भिंतीवरचा घ्या, समोर बसणाऱ्याला थेट ऊब देतो. किती जण काम करता तिथे?"

"दोघं," मी म्हणाले.

त्याने मोठा दिला. मी तोच घेऊन आले.

आता पॉलिश छान वाळतंय. मी रोज तासभर तिथे बसते. अंग तापतं, पण आत काहीच जाणवत नाही. चार महिने झाले, रडूसुद्धा आलेलं नाही. सगळे म्हणतात, वरदा खंबीर आहे.

आई, बाबा गेले तेव्हा तुमचंही असंच झालं होतं का हो?

मार्चमध्ये खुर्ची घेऊन येते. तेव्हा सांगितलंत तरी चालेल.

तुमची,
वरदा