फटी नसलेलं घर

३ डिसेंबर

तीर्थरूप बाबांस,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

तुम्ही नव्या खिडक्या बसवल्या आणि आता घरात वारा औषधालाही सापडत नाही, असं आईने लिहिलंय. छान वाटलं. पण खोली तापवायची शेगडी हल्ली धुरकते, हेही तिने लिहिलं आणि तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. लाकडं ओली तर नाहीत ना? दोन एकमेकांवर आपटली की खणखणीत वाजली पाहिजेत. पेटवताना बारीक ढलप्या घाला, हवेची झडप पूर्ण उघडी ठेवा आणि जाळ नीट धरला की मगच थोडी कमी करा. आच जास्त वेळ टिकावी म्हणून झडप आवळू नका. त्याने धुराड्यात काजळी साचते आणि एक दिवस तीच पेट घेते. राख झाकण असलेल्या पत्र्याच्या बादलीत, घराबाहेर.

मी पाठवलेला धूर ओढणारा पंखा स्वयंपाकघरात बसवला का? तळणाच्या धुराने आईला फार खोकला येतो.

रागावू नका. उपदेशाची खोड तुमच्याकडूनच आली आहे.

तुमची भिंगरी


९ डिसेंबर

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

घराण्यात पहिली पदवी काय आली, लेक सुताराला लाकूड शिकवायला लागली! अगं, जन्मभर रंधा मारतोय. ओलं लाकूड मी वासावरून ओळखतो. शेगडीत जातं ते दोन उन्हाळे वाळलेलं. झडप मात्र तुझ्या सांगण्यावरून उघडी ठेवतो. शाळेत विज्ञानाच्या तासाला हवा शिकवायचा पगार घेतेस, तेव्हा तेवढं तरी ऐकायला हवं.

खिडक्या बघायला शेजारचा बेकरीवाला आला होता. म्हणाला, तुमच्या घरात शिंकलं तर शिंक पण बाहेर जायची नाही.

पंखा झकास आहे. तू पाठवलास म्हणून आईला तो बंद करवत नाही. काय ओढ आहे त्याला! शेगडीचं दार उघडलं की जाळ खोलीकडे झुकतो, जणू पाहुणे कोण आलेत ते बघतोय.

आईचं डोकं मात्र दुखतं, मळमळतं. कपडे वाळत घालायला बाहेर गेली की बरं वाटतं. मी म्हटलं, लेकीची आठवण येत असेल. तर म्हणते, आठवण काय फक्त घरातच येते? काल माझंही डोकं भणभणलं. पण मी काही रडत बसलो नाही.

जपून राहा, वेळेवर जेव.

बाबा


१३ डिसेंबर

बाबा, नमस्कार शेवटी करते. आधी हे वाचा.

तुमचं पत्र उभ्या उभ्या वाचलं आणि बेकरीत फोन लावला. काकांना सांगितलं, हातातलं टाका, आमच्याकडे धावा, पंखा बंद करा, दारं-खिडक्या सताड उघडा आणि दोघांना बाहेर काढून डॉक्टरांकडे न्या. त्यांनी विचारलं, आग लागली का? म्हटलं, नाही, दिसत नाही म्हणूनच घाई आहे. उलट फोन करतो म्हणाले. अजून आला नाही. मी दारापर्यंत जाते, परत फोनपाशी येते. मध्येच हे लिहिते आहे.

जाळाला हवा लागते. तुम्ही सगळ्या फटी बुजवल्या आणि मी पंखा पाठवला. पंखा घरातली हवा बाहेर फेकतो. आत यायला दुसरी वाट नाही, म्हणून तो ती धुराड्यातून खाली ओढतो आणि तिच्याबरोबर विषारी वायूही. त्याला वास नाही, रंग नाही. तुमचं प्रेम आणि माझं प्रेम मिळून आईला गुदमरवतंय, बाबा.

शेगडीजवळ बाहेर उघडणारं कायमचं भोक पाडा. तुमच्या कामाला भोक पाडायचं म्हणजे काय, ते मला कळतं. तरी पाडा. शेगडी पेटलेली असताना पंखा बंद. धुराडं साफ करणाऱ्याने तपासल्याशिवाय पुन्हा पेटवू नका. त्या वायूचा इशारा देणारी डबी पाठवते आहे. ती किंचाळली तर तिच्यावर चिडू नका.

आता नमस्कार. दोघांनाही.

भिंगरी


२० डिसेंबर

चि. भिंगरीस,

बेकरीवाल्याने तुला फोनवर कळवलंच, तरी माझ्या हातचं हवं म्हणून लिहितो. तो पिठाच्या हातांनीच आरडत आला. मी हसलो. म्हटलं, पोरीने फार पुस्तकं वाचलीत. मग आई उठायला गेली आणि तिचे पाय तिचे राहिले नव्हते. तिला धरून बाहेर नेलं. डॉक्टरांनी प्राणवायू लावला. उशीर झाला असता तर काय, तेही सांगितलं. ते वाक्य मी लिहीत नाही. आता ती बरी आहे, मला रागावते आहे.

धुराडं साफ झालं. शेगडीजवळच्या मागच्या दाराच्या फळीला भोक पाडलं. ते दार मी केलेल्यांत सगळ्यात सरस. गिरमिट हातात घेऊन बराच वेळ उभा होतो. आयुष्यभर लोकांच्या फटी बुजवल्या, मुद्दाम केलेली ही पहिलीच. पण जाळ आता सरळ उभा राहतो. पाहुणे बघायला येत नाही.

भोक तेवढं उघडं-वाघडं दिसतं, म्हणून त्याला झाकण केलंय. फार सुरेख बसलंय. अगदीच कडाक्याची थंडी पडली तरच लावीन.

तुझा ऐकणारा बाप

ता. क. – हे आईचं अक्षर. मी बरी आहे, काळजी करू नकोस. झाकण आत्ताच शेगडीत घातलं. चांगलं वाळलेलं होतं, लगेच पेटलं.