ब्रेनाचं मागणं

आईस,
डेलची कडकडून मिठी.

काळजी करू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. पुढच्या शनिवारी चर्चच्या फुटबॉलवाल्या पोरींना घेऊन येशूची सुवार्ता सांगायला ग्वाटेमालाला निघायचंय. खेळ जमतोय, पण सामन्याआधी चारचौघांत प्रार्थना करायची म्हटली की पोरींची बोबडी वळते.

आज आमच्या गोलकीपरला, ब्रेनाला म्हटलं, "मनात असेल ते बोल." तर डोळे मिटून म्हणते, "प्रभू, कोचची आई फोन उचलत नाहीये. तिला उचलू दे. कोच उगाच आमच्यावर खेकसतायत."

तू फोन उचलत नाहीस याचा मी कुणाजवळ चकार शब्द काढला नव्हता गं. सगळ्या पोरी मात्र एका सुरात "आमेन" म्हणाल्या.

गुडघा कसा आहे? शेजारच्या वेंडेलला डोकावायला सांगितलंय, चिडू नकोस.

तुझा आवाज ऐकल्याशिवाय इथून माझा पाय निघायचा नाही.

तुझाच,
डेल