उत्तर संपायच्या आत

९ जानेवारी २००६, सोमवार

आला! काळ्या पडद्यावर एक बाण आणि त्याच्यापुढे लुकलुकणारा चौकोन. मी 'a' दाबला, प्रोसेसरने 'a' परत पाठवला. उठून नाचावंसं वाटलं.

या जातीचा प्रोसेसर जगात एकच आहे आणि तो चेन्नईत, नुंगंबाक्कमला, आमच्या ऑफिसात एका बोर्डावर बसवून माझ्या टेबलावर पडलाय. आम्ही सूतगिरण्यांच्या यंत्रांचे कंट्रोलर बनवतो. त्यांत दुसऱ्याची चिप का घालायची, आपलीच घालू, हा आमच्या जुन्या इंजिनियर वेंकोबारावांचा ध्यास. कोरी चिप घेऊन तिच्यात त्यांनी स्वतःचा प्रोसेसर रचला. कित्येक वर्षं लागली. त्याला सी-बीसारख्या भाषा काही कळत नाहीत. फक्त असेंब्ली, म्हणजे प्रोसेसरची मूळ हुकूमभाषा, आणि तिच्यातले हुकूमही त्यांनीच ठरवलेले. त्यावर टर्मिनल लिहायचं काम माझं. म्हणजे माणसाने कीबोर्डवर हुकूम टाइप करायचा आणि प्रोसेसरने पडद्यावर उत्तर द्यायचं. पुढच्या महिन्यात मालक कृष्णस्वामी येऊन बघणार आणि मग ठरवणार— आपला प्रोसेसर, की विकतचा.

वेंकोबाराव बाणाकडे बराच वेळ बघत उभे होते. "बरें झालें, अम्मा," म्हणाले. निवृत्तीला आलेला माणूस, पण चेहरा असा की मुलगा पास झालाय!

१२ जानेवारी

वेंकोबाराव तंजावरकडचे. घरी तीनशे वर्षांपूर्वीचं मराठी बोलतात ('सगळं'ला 'अस्कें'!), आणि ऑफिसात माझ्याखेरीज मराठी कुणाला येत नाही म्हणून माझ्याशीही तेच. मला आवडतं ते. पण धीर धरवत नाही. एक वाक्य काढतात, मध्येच थांबतात, शब्द शोधतात. तमिळ बोलतानाही तसेच आणि इंग्रजीतही. तोवर मी वाक्य पुरं करून टाकते. ते हसून मान डोलावतात. मला वाटतं, त्यांची मदतच होते.

विद्याधर म्हणाला, "बँकेत मॅनेजर मला बोलू देत नाही आणि घरी तू." नवऱ्याचं काय मनावर घ्यायचं.

१४ जानेवारी

पोंगल. खालच्या मजल्यावरून गोड भात आला. डोक्यात असेंब्ली.

१९ जानेवारी

आतापर्यंत प्रोसेसर सारखा विचारत बसायचा— अक्षर आलं का, अक्षर आलं का. आज नवी व्यवस्था केली. अक्षर आलं की त्याने हातातलं काम सोडायचं, रजिस्टरांतले म्हणजे हातातले आकडे जपायचे, अक्षर बाजूला ठेवायचं आणि परत जाऊन काम पुढे चालू करायचं. पहिल्या झटक्यात चाललं!

दुपारी वेंकोबाराव कॉफीचा टंबलर घेऊन टेबलापाशी आले. "काम सोडून जातांना हातांतलें अस्कें नीट ठेवून जायचें, अम्मा. माझा प्रोसेसर आपण होऊन—" आणि थांबले. मी म्हटलं, हो हो, रजिस्टरं ठेवते मी, कळलं. ते टंबलर घेऊन गेले. मला पुढची कमांड लिहायची घाई होती.

२७ जानेवारी

अडकतंय. मध्येच. बाण येतच नाही, बोर्ड बंद करून पुन्हा चालू करावा लागतो. गंमत म्हणजे वेंकोबारावांच्या हातून एकदाही अडकलं नाही! ते एका बोटाने टाइप करतात, उत्तर पूर्ण येऊ देतात, ते वाचतात, मग पुढचं. माझ्या हातून रोज.

३१ जानेवारी

माझा प्रोग्रॅम पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासला. स्वच्छ आहे. म्हणजे दोष त्यांच्याकडे. संध्याकाळी ते आले. "अम्मा, तुमचा प्रोग्रॅम वाचला मी—" म्हणाले. मी ताडकन म्हटलं, प्रोग्रॅमला हात लावू नका, तुम्ही तुमचा प्रोसेसर तपासा. असं तोडून बोलायला नको होतं. पण शुक्रवारी मालक येणार आणि माझी इथली नोकरी अजून कच्ची!

३ फेब्रुवारी, शुक्रवार

झालं सगळं.

कृष्णस्वामी समोर बसले. मी दोन्ही हातांनी धडाधड हुकूम टाकत होते— ऐट दाखवायची होती. सुरुवातीलाच गेलं. बाण नाही, काही नाही. पुन्हा चालू केलं, पुन्हा तेच. त्यांनी शांतपणे विचारलं, काय झालं. प्रोसेसरमध्ये दोष आहे, मी सांगितलं. माझं काम मी पुन्हा पुन्हा तपासलंय.

त्यांनी वेंकोबारावांकडे पाहिलं. वेंकोबाराव उठले. "सर, दोष—" म्हणाले आणि नेहमीसारखे थांबले. आणि मी— मी त्यांचं वाक्य पुरं केलं. "—प्रोसेसरमध्ये आहे, सर. त्यांनाही माहीत आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग खाली बसले. पुढे कुणी काही विचारलं नाही.

संध्याकाळी निरोप आला. चिप विकत घ्यायची. वेंकोबाराव सोमवारपासून तळमजल्यावर, दुरुस्ती विभागात. निवृत्त होईपर्यंत तिथेच.

६ फेब्रुवारी

खुर्चीवरची उशी आणि टंबलर न्यायला वर आले होते. बोर्डाकडे गेले नाहीत. "येतों," म्हणाले. मी बसला गर्दी होती का असलं काहीतरी विचारलं. खरं लिहायचं तर आपल्यावर आलं नाही म्हणून सुटल्यासारखं वाटत होतं. आता लाज वाटते.

१० फेब्रुवारी

बोर्ड गुंडाळून ठेवायला सांगितलंय. गुंडाळण्याआधी सहज चालू केला. उजव्या हातात मुरुक्कू, म्हणजे इथली चकली होती, म्हणून डाव्या हाताने एकेक अक्षर टाइप करत होते. सावकाश. एकदाही अडकलं नाही. हात पुसून दोन्ही हातांनी बसले— गेलं!

मग नीट बघितलं. पडद्यावर उत्तर उमटत असतानाच मी पुढचं टाइप केलं, तरच अडकतं. उत्तर संपू दिलं तर कधीच नाही.

त्यानंतर सापडायला वेळ लागला नाही. प्रोसेसर दोन गोष्टींची तुलना करतो तेव्हा तिचा निकाल फ्लॅगमध्ये राहतो. अक्षर आलं की काम सोडताना मी रजिस्टरं ठेवत होते, फ्लॅग ठेवतच नव्हते. परत येईतो निकाल बदललेला, आणि प्रोसेसर भलत्याच वाटेला. जाताना एक ओळ, येताना एक ओळ— एवढंच राहिलं होतं. घातल्या. मग कीबोर्ड बडवला, अक्षरशः बडवला. एकदाही अडकलं नाही.

चूक माझी होती. पहिल्यापासून माझीच.

"माझा प्रोसेसर आपण होऊन—" फ्लॅग ठेवत नाही! हेच सांगायला आले होते टंबलर घेऊन. आणि मालकांसमोर उभे राहिले तेव्हा काय सांगणार होते, तेही आता दिसतंय. सर, दोष हिच्या प्रोग्रॅममध्ये आहे. मी तोंड घातलं नसतं तर तेवढं एक वाक्य पुरेसं होतं.

१३ फेब्रुवारी

कृष्णस्वामींना सगळं सांगितलं. बोर्ड चालवून दाखवला. ते रागावले नाहीत, ते रागावले असते तर बरं झालं असतं. खरं बोललात हे चांगलं केलंत, म्हणाले, पण चिपची ऑर्डर शनिवारीच गेली, कोइंबतूरच्या गिरणीला तारीखही कळवली. आता मागे फिरता येत नाही. वेंकोबारावांना वर आणा, मी विनवलं. वर कशाला, त्यांनी विचारलं. वर आता त्यांच्याजोगं काम कुठे आहे?

जिन्यात रडले.

१८ फेब्रुवारी, शनिवार

टी. नगरला त्यांच्या घरी गेले. साड्यांच्या दुकानांच्या मागची गल्ली, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही. घरात शिरलं की एकदम शांत. त्यांच्या पत्नीने, भवानीबाईंनी, कॉफी दिली. मी उभ्याउभ्याच बोलून टाकलं— चूक माझी होती, सापडली, मालकांना सांगितलंय, पण उशीर झाला.

"पर्वा इल्लै," वेंकोबाराव म्हणाले, म्हणजे असू दे. बसा म्हणाले. मग मुलीच्या, हरिणीच्या, बाळाबद्दल बोलत राहिले. थांबत, शब्द शोधत. मी एकदाही मध्ये बोलले नाही. इतका वेळ मी कुणाचं ऐकल्याचं मला आठवत नाही. प्रोसेसरबद्दल त्यांनी अक्षर काढलं नाही. त्या दिवशीचं विचारायचं माझ्या ओठांवर होतं. पण त्यांच्या तोंडून 'दोष हिचा' हे ऐकायची छाती झाली नाही.

२२ फेब्रुवारी

आज जेवणाच्या सुट्टीत तळमजल्यावर जाऊन विचारलंच. त्या दिवशी काय सांगणार होतात?

त्यांनी सोल्डरिंगची लेखणी खाली ठेवली. पुष्कळ वेळ घेतला.

"सर, दोष प्रोसेसरांत आहे, माझाच आहे, आठ दिवस द्या, असें म्हणणार होतों. मग आपण दोघें बसून त्या दोन ओळी घातल्या असत्या. पोरगी नवी, तिचें नांव कशाला." पुन्हा थांबले. मी थांबले. "तुम्ही बोललां तेंच मी बोलणार होतों, अम्मा. आठ दिवस तेवढे मागायचे राहिले."