मुकादमासाठी घर

प्रिय ताई,

अक्षर ओळखलं असशीलच. पाकिटावर नाव मुद्दाम घातलं नाही, पत्ताही दुसऱ्याकडून लिहून घेतला, नाहीतर तू ते न उघडता कपाटावर टाकून दिलं असतंस आणि मग येता-जाता त्याच्याकडे बघत राहिली असतीस. तुझा स्वभाव मला माहीत आहे. माझा तुला माहीत आहे असं तुला वाटतं, पण गेल्या सहा वर्षांत तो बराच बदललाय. चांगल्याच्या दिशेनं, असा माझा दावा नाही.

आधी बातमी सांगते. ज्या म्हाताऱ्या कुत्र्यासाठी तू शेल्टरला फोन केलास, तो पांढऱ्या भुवयांचा, फोटोत कुणाच्या तरी तळहातावर हनुवटी टेकवून बसलेला, तो शेल्टरमध्ये राहत नाही. माझ्याकडे राहतो. तो तळहात माझा आहे. तू फोटो मोठा करून करून पाहिलास म्हणे, आणि तरी तुला तो ओळखू आला नाही. मला याचं वाईट वाटायला हवं होतं. मी स्वतःला विचारून पाहिलं, तर वाटलं नव्हतं. सुटल्यासारखं वाटलं होतं.

त्याचं नाव मुकादम. मी नाही ठेवलं, आमच्या मेट्रनबाईंनी ठेवलं. त्या हॉस्पिटलातून निवृत्त झाल्या आणि तिथला दरारा तसाच्या तसा शेल्टरमध्ये घेऊन आल्या. हा गृहस्थ स्वतः काडी हलवत नाही, पण कुणीही काम करायला लागलं की समोर येऊन बसतो आणि ते संपेपर्यंत उठत नाही. मी भांडी घासत असले की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. कपडे वाळत घालत असले की गॅलरीच्या दारात. एखादं भांडं जोरात आपटलं तर भुवया वर करतो. डावा डोळा जवळपास गेलाय, मागचे पाय सकाळी धड उठू देत नाहीत, हृदयात खरखर आहे आणि मूत्रपिंडं थकली आहेत. जेवण पथ्याचं लागतं, तेही हातातून. त्याचे मालक दुसऱ्या गावी गेले आणि जाताना फर्निचर नेलं.

अशांना कुणी मागत नाही, ताई. लोक येतात ते पिल्लांसाठी. म्हाताऱ्यांच्या पिंजऱ्यापुढून जाताना आवाज खाली आणतात, जसं आजाऱ्याच्या खोलीपुढून जावं तसं, आणि पुढे सरकतात. म्हणून आम्ही काही जण त्यांना घरी आणतो, कायमचं घर मिळेपर्यंत. बहुतेकदा मिळत नाही आणि आमचंच घर कायमचं ठरतं. माझ्याकडचा हा चौथा. आधीचे तिघे माझ्याच मांडीवर गेले. त्यामुळे कुणीतरी आपणहून फोन करून ‘मला म्हाताराच हवाय’ असं म्हणाल्याचं कळलं, तेव्हा मला आधी आनंद झाला. नाव मागाहून कळलं.

आमच्याकडे पद्धत अशी आहे की कुत्रा देण्याआधी कुणीतरी घर पाहून येतं. म्हाताऱ्या कुत्र्यांची घरं मी बघते. तुझ्याकडे मी मेट्रनबाईंना पाठवलं. तू माझी बहीण आहेस हे त्यांना सांगितलं नाही, म्हणजे त्यांनी जे पाहिलं ते तरी निखळ राहावं. खरं सांगायचं तर त्यांनी काहीतरी खोट काढून आणावी म्हणून मी नवस बोलायचीच बाकी होते. फरशी गुळगुळीत असेल. जिना असेल. तुझा तो जुना तिरसटपणा असेल, कपात चहा ओततानासुद्धा दिसणारा.

त्या परत आल्या त्या खुशीत. म्हणाल्या, मी घर बघायला गेले होते की मुलगी, तेच कळेना, एवढं सगळं मांडून ठेवलं होतं. तू बैठकीच्या खोलीपासून मागच्या अंगणापर्यंत पायपुसणी अंथरून ठेवली आहेस, म्हाताऱ्या पायांना धर मिळावा म्हणून. खाटेचे पाय कापून ती बुटकी करून घेतली आहेस. भावजी गेल्यापासून बंद असलेली त्यांची खोली उघडलीस, कारण ऊन तिथे येतं. हे सगळं कुत्रा मिळेल की नाही हे ठरायच्या आधी. मेट्रनबाईंनी विचारलं, एवढी घाई का, तर तू म्हणालीस, लेक लांब गेली, आता घरात वाट बघणारं कुणीतरी हवं.

आणि मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. आधी कुत्रं होतं का? तू गॅसकडे बघत म्हणालीस, ‘आईचं होतं. पळून गेलं.’

ताई, ते ऐकून मी उठून गॅलरीत गेले. मुकादम मागून आला, मी काम करत नाही असं पाहून परत फिरला.

आईचा कुत्रा, बोका, पळून गेला नव्हता. हे तुला माहीत आहे. मला माहीत आहे हे तुला माहीत नव्हतं, ते आज सांगते.

आई हॉस्पिटलात होती, खुबा मोडलेला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता ती एकटी राहू शकणार नाही, तुझ्याकडेच येणार. आणि बोका, दुधाच्या पातेल्यात तोंड घालतो म्हणून आईनं ज्याचं नाव कुत्रा असून बोका ठेवलं तो, दोन महिने आधीच, आईला हॉस्पिटलात हलवलं तेव्हा, तुझ्या अंगणात येऊन पडला होता. म्हातारा, मधूनच घरात मुतणारा. मग एके दिवशी तुझा फोन आला, फाटक उघडं राहिलं आणि तो गेला. मी रजा टाकून आले. आपण दोघींनी गल्लोगल्ली पत्रकं चिकटवली. खळ तू शिजवली होतीस, आठवतं? गुठळ्या होऊ नयेत म्हणून सारखी ढवळत होतीस. विजेच्या खांबावर पत्रक धरून मी कडा दाबत होते आणि तू म्हणालीस, जरा वर लाव, लांबून दिसेल. मी म्हटलं, शेल्टरला जाऊन येते, तिथे कुणी नेऊन सोडला असेल. तू म्हणालीस, मी कालच विचारून आले, तिथे नाही. म्हणून मी गेले नाही.

आई घरी आली. तिला तू तेच सांगितलंस. पुढचं तुझ्याच घरात घडलं, मी फक्त येऊन-जाऊन पाहिलं. तिनं खाट दाराकडे तोंड करून लावायला सांगितली. फाटक वाजलं की मान उचलायची. मी दर वेळी आले की माझा हात धरून तिचं एकच, ‘मी काय गं केलं त्याला?’ तिला वाटत होतं, आपण अंथरुणाला खिळलो, त्याला फिरवू शकलो नाही, म्हणून तो रुसून गेला. बारा वर्षं ज्यानं तिच्या खाटेखालची जागा सोडली नाही, तो तिच्या पडत्या काळात तिला सोडून गेला, हे उराशी घेऊन ती गेली.

ती गेल्यावर तिची पांघरुणं द्यायला मी शेल्टरला गेले. सहज मोबाईलमधला त्याचा फोटो तिथल्या राखणदाराला दाखवला. तो लगेच म्हणाला, हा ना, हा इथे होता. एक बाई स्कूटरवर पायाशी बसवून घेऊन आल्या, म्हणाल्या, आमच्या गल्लीत भटकत होता. निघाल्या, कोपऱ्यापर्यंत गेल्या, आणि परत आल्या. डिकीतून एक भांडं काढून दिलं आणि सांगून गेल्या, हा दुसऱ्या कशातून पाणी पीत नाही. राखणदार हसला होता म्हणे, भटक्या कुत्र्याचे एवढे लाड. ते भांडं त्यानं मला आणून दाखवलं. काठाला चेपलेलं, आईचं. बोका तिथे फार दिवस जगला नाही. पाणी त्यातून प्यायचा, अन्नाला तोंड लावलं नाही. रस्त्याकडे तोंड करून बसायचा. आपण पत्रकं लावत होतो, ताई, तेव्हा तो जिवंत होता. दोन बसथांब्यांवर.

त्या दिवशी मी शेजारच्या पिंजऱ्यातली एक म्हातारी कुत्री घेऊन घरी आले. बाकीचं सगळं तिथून सुरू झालं, याच गावात बदली करून घेणंसुद्धा. आणि तुझ्याशी बोलणं थांबलं. नातेवाईक समजतात आईच्या घरावरून बिनसलं. तूही तसंच समजतेस, असं कानावर आलं. मी समजू दिलं. तेव्हाच येऊन भांडले का नाही, हे मी डायरीत पुष्कळदा लिहून पाहिलंय. उत्तर फारसं शोभेसं नाही. भांडले असते तर तू रडली असतीस, आणि तू रडलीस की मी पाघळते, लहानपणापासून. मला पाघळायचं नव्हतं. मला हा राग धड ठेवायचा होता.

तुझी बाजू मी मांडलीच नाही असं समजू नकोस. आई हॉस्पिटलात, लेकीची परीक्षा, भावजींचं तेव्हाच सुरू झालेलं दुखणं, रोज सकाळी फरशी पुसणं, आणि मी लांबून फोनवर सल्ले देणारी. तू मला म्हणाली असतीस की त्याला घेऊन जा, तर भाड्याच्या खोलीत मी त्याला नेलं असतं का? शपथेवर सांगता येत नाही. पण तू म्हणालीच नाहीस. तू त्याला नेऊन सोडलंस, हे मी समजू शकते. शेल्टरमध्ये रोज कुणीतरी सोडून जातं, आणि ती सगळी काही राक्षस नसतात, दमलेली माणसं असतात. पण तू त्याच्यावर आळ घेतलास. बोलता न येणाऱ्यावर. आणि तो आळ आईला खरा वाटू दिलास, तिची मान फाटकाकडे वळताना रोज बघूनसुद्धा. आणि आता, आई नाही, कुणाला फसवायची गरज नाही, तरी एका परक्या बाईसमोर पुन्हा तेच.

मेट्रनबाईंनी आणखी एक सांगितलं. त्या चपला घालत असताना तू विचारलंस, म्हातारी कुत्री तिथे सोडली तर किती दिवस काढतात? मग उत्तराची वाट न बघता आत निघून गेलीस. हे ऐकून क्षणभर वाटलं, हिलाही ते सुटलेलं नाही. मग त्या क्षणभराचाच राग आला.

नकाराची तीन ओळींची चिठ्ठी मी लिहून ठेवली होती. ‘घर योग्य नाही.’ मेट्रनबाईंना वाचून दाखवली आणि तेव्हा कुठे त्यांना नातं सांगितलं. त्या चष्मा पुसत म्हणाल्या, ‘खोट काढायची तर मी काढून देते, पोरी. पण मग या मुकादमाला काय सांगू, तुझी पायपुसणी रद्द झाली म्हणून?’ मी चिडले. पण बरोबर होतं. माझं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्याला कडेवर घेऊन चढते-उतरते, माझी कंबर गेली आहे. परवा जिन्यात माझा पाय घसरला आणि आम्ही दोघं दोन पायऱ्या खाली आलो. तुझ्याकडे अंगण आहे, ऊन आहे, दिवसभर घरी असणारं माणूस आहे. तू अनोळखी असतीस तर मी त्याच दिवशी हो म्हटलं असतं. आणि शिवाय, नकारानं तुला काय झालं असतं? चार दिवस वाईट वाटलं असतं, मग दुसरीकडून कुत्रा आणला असतास, आणि ‘पळून गेलं’ पुन्हा सांगितलं असतंस. सहा वर्षं जपलेल्या रागाची एवढीच किंमत मला नको होती.

म्हणून मुकादम तुला देते आहे. रविवारी सकाळी मेट्रनबाई त्याला आणतील. औषधांच्या वेळा त्या सांगतील, भात मऊ लागतो, हाताला दात लावत नाही. मी त्याला सूड म्हणून वापरते आहे का, हे मी स्वतःला विचारलं. हो, वापरते आहे. पण त्याचं भलं आणि माझी इच्छा या वेळी एकाच घरी नांदताहेत, तेव्हा मी ते सोडणार नाही. डॉक्टर म्हणतात वर्षभर, फार तर थोडं पुढे. तेवढं पुरेल. पहिला आठवडा तो तुझ्याकडे बघणार नाही. मग एक दिवस तू भांडी घासत असताना मागे वळून बघशील, तर तो उंबऱ्यावर असेल. मग तू बाजारातून घाईनं परत यायला लागशील. आणि मग एके सकाळी तो उठणार नाही, डॉक्टर शेवटचं इंजेक्शन घेऊन घरी येतील. आमच्याकडे एक नियम आहे, तो मी घालून दिलाय. ज्यानं सांभाळलं त्यानं शेवटपर्यंत खोलीत थांबायचं, हात त्याच्या डोक्यावर. बाहेर जायचं नाही, तोंड फिरवायचं नाही. तू थांबलीस की नाही, हे मी डॉक्टरांना विचारेन. हे सगळं आधी लिहिते आहे, कारण दार उघडून त्याला आत घेशील तेव्हा मला सगळं माहीत आहे हे तुला माहीत असावं. नको असेल तर शनिवारपर्यंत शेल्टरला कळव, कुणी कारण विचारणार नाही. पण तू कळवणार नाहीस. त्याच्यावर तुझा जीव जडो, ताई, आईचा बोक्यावर होता तेवढा. हा आशीर्वाद नाही.

अजून तरी तुझीच,
धाकटी